नाव देणे आणि नावे ठेवणे

अभ्यासपाठ
शास्त्रभाग : उत्पत्ती २:१९-२०, योना ४:५-११, मत्तय ६:१९-२१



या तिमाहीच्या अभ्यासपाठासाठी मी एक अगदी लहान जीव निवडला आहे. पंख पसरले तर जेमतेम दीड-दोन सेंटीमीटर. रंग मातकट, करडा. दिवसा ढेकळांत, पालापाचोळ्यात लपून बसतो आणि रात्री उडतो. आपल्या इस्लापूर परिसरात कापूस लावणाऱ्या बहुतेक घरांनी हा पतंग नीट पाहिलेला नाही. पण त्याची अळी सर्वांना ठाऊक आहे : गुलाबी बोंडअळी. या पतंगाला शास्त्राच्या पुस्तकात नाव कसे मिळाले आणि त्यातून मंडळीने काय शिकावे, हा आजचा विषय आहे.

शास्त्रातला पतंग

मत्तयाच्या सहाव्या अध्यायात प्रभू येशू पृथ्वीवरच्या संपत्तीबद्दल बोलतो, तेव्हा तो कसर आणि जंग यांची नावे घेतो. पेटीतले लुगडे बाहेर काढावे आणि त्याला भोके पडलेली दिसावीत, ही कसर आपल्या आजीच्या काळापासून घरोघरी माहीत आहे. ती म्हणजे एका लहान पतंगाची अळी. लोकरीचे कापड तो पतंग खात नाही, त्याची अळी खाते. पतंग फक्त अंडी घालून जातो.

हा फरक जुन्या कराराच्या लेखकांच्याही लक्षात होता. यशया ५१:८ मध्ये मूळ इब्री भाषेत दोन वेगळे शब्द आले आहेत : एक ‘आश’, म्हणजे पतंग, आणि दुसरा ‘सास’, म्हणजे त्याची अळी. ईयोब, स्तोत्रकर्ता, होशेय आणि नव्या करारात याकोब, हे सगळे या लहान जीवाकडे बोट दाखवून माणसाला त्याच्या नाशवंतपणाची आठवण देतात. ज्यांनी हे लिहिले त्यांनी कापड झटकून पाहिले होते. शास्त्र आपल्याला डोळे मिटायला सांगत नाही, नीट पाहायला सांगते.

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात तर हे माणसाच्या अगदी पहिल्या कामांपैकी एक म्हणून येते. देव प्राणी आणि पक्षी आदामापुढे आणतो आणि तो त्यांना काय नाव देतो ते पाहतो. देवाला नावे ठाऊक नव्हती असे नाही. त्याने ते काम माणसाच्या हाती दिले. नाव द्यायचे तर आधी थांबावे लागते, हा त्याच्यापेक्षा वेगळा कसा हे पाहावे लागते. बाग राखण्याचे काम त्याच अध्यायात चार वचने आधी आले आहे. राखणे आणि ओळखणे ही कामे शेजारी-शेजारी ठेवली आहेत.

एका पतंगाची पुस्तकात नोंद

१८४० च्या सुमारास कंपनी सरकार हिंदुस्थानात अमेरिकन जातीचा कापूस रुजवण्याच्या खटपटीत होते. गुजरातेत भडोचला सरकारी कापसाची लागवड होती. १८४२ साली तिथल्या बोंडांत एक अळी सापडली. ती बोंडाच्या आत शिरून सरकी खात होती. तिचे नमुने जहाजाने लंडनला गेले आणि विल्यम विल्सन सॉन्डर्स यांच्या हाती आले. सॉन्डर्स यांचा धंदा विम्याचा, पण कीटकांचा अभ्यास हा त्यांचा ध्यास होता आणि लंडनच्या कीटकशास्त्र मंडळाचे ते अध्यक्षही झाले होते. १८४३ साली त्यांनी या पतंगाचे वर्णन केले आणि त्याला ‘डिप्रेसारिया गॉसिपिएला’ असे नाव दिले. ‘गॉसिपियम’ म्हणजे लॅटिनमध्ये कापूस.

नवीन प्रजातीचे वर्णन करणे म्हणजे नेमके काय? ही पद्धत स्वीडनच्या कार्ल लिनियस यांनी घालून दिली. ते एका लुथरन पाळकाचे चिरंजीव होते. १७५८ साली निघालेल्या त्यांच्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीपासून प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची मोजणी सुरू होते. नावाचे दोन भाग असतात. आपल्याकडे हजेरीपटावर आडनाव आधी लिहितात, तसे आधी वंशाचे नाव येते आणि मग त्या जीवाचे स्वतःचे.

पण नाव सुचले म्हणून काम होत नाही. एक नमुना कायमचा जपून ठेवावा लागतो, म्हणजे पुढे कोणाला शंका आली तर तो पाहता येईल. पंखांची लांबी, त्यांवरच्या रेषा, मिशा, पाय, सगळे लिहावे लागते. लहान पतंग वरवर सारखेच दिसतात, म्हणून शरीराच्या शेवटच्या भागाचे अवयव सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. आजकाल डीएनएही पाहतात. आधी नावे मिळालेल्या जवळच्या नातेवाइकांशी तुलना करून हा त्यांच्यापैकी नव्हे असे दाखवावे लागते. शेवटी हे सगळे छापून जगापुढे ठेवावे लागते, कोणीही तपासावे म्हणून. पुढच्या पिढीला दुरुस्तीचा हक्क असतो. या पतंगाचेही तसेच झाले. १९१७ साली ऑगस्ट बुस्क यांनी त्याचा वंश वेगळा ठरवला आणि तो ‘पेक्टिनोफोरा गॉसिपिएला’ झाला. आडनाव बदलले, नाव तेच राहिले.

हे काम आजही चालू आहे. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था १९१६ साली स्थापन झाली आणि तिचे एक केंद्र पुण्याला आकुर्डीत आहे. अलीकडच्या वर्षांत महाराष्ट्रातूनही पतंगांच्या नव्या प्रजातींची वर्णने प्रसिद्ध झाली आहेत. देवाच्या सृष्टीची हजेरी अजून पूर्ण झालेली नाही.

नवीन, पण कोणाला?

‘नवीन प्रजाती सापडली’ असे आपण वाचतो तेव्हा एक गोष्ट लक्षात ठेवावी. तो जीव नवीन नसतो, आपले पुस्तक नवीन असते. १८४२ च्या आधीही ती अळी बोंड खात होतीच. ज्याने पहिले किडके बोंड फोडून पाहिले असेल, तो लंडनचा विद्वान नक्कीच नव्हता. तो शेतात राबणारा कोणीतरी होता. त्याचे नाव कुठेही नाही.

म्हणून सॉन्डर्स यांचे काम कमी ठरत नाही. नोंद झाली म्हणून तीच अळी इतर देशांत पोहोचली तेव्हा लोकांना ती ओळखता आली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती सरकीतून इजिप्तला गेली, तिथून मेक्सिकोत आणि १९१७ साली अमेरिकेत टेक्सासला पोहोचली. सर्वांनी तिला एकाच नावाने ओळखले आणि एकमेकांचे अनुभव वापरले. कित्येक दशकांच्या सामूहिक प्रयत्नांनंतर २०१८ साली अमेरिकेने आपला कापूस तिच्यापासून मुक्त झाल्याचे जाहीर केले.

मिशनच्या इतिहासातही अशी पाहणारी माणसे होऊन गेली. विल्यम केरी यांना आपण सेरामपूरहून मराठीसह अनेक भाषांत बायबल छापणारे म्हणून ओळखतो. ते उत्तम वनस्पती-अभ्यासकही होते. आपल्या जंगलांतल्या कुंभीच्या झाडाचे शास्त्रीय नाव ‘केरिया आर्बोरिया’ त्यांच्या सन्मानार्थ ठेवलेले आहे. देवाचे वचन आणि देवाची झाडे, दोन्ही त्यांनी सारख्याच काळजीने वाचली.

इस्लापूरच्या शिवारात

आता हा अभ्यास आपल्या बांधावर आणू या. सहस्रकुंडच्या धबधब्याकडे जाताना दोन्ही बाजूंना जी हलकी, उताराची जमीन दिसते, तिच्यावर गोंड, कोलाम आणि आंध कुटुंबे कापूस, तूर आणि सोयाबीन घेतात. बहुतेक शेती पावसाच्या भरवशावर. बियाणे आणि खत उधारीवर.

गेल्या हंगामात एका आंध कुटुंबाच्या शेतात मी गेले होते. बोंडे भरत आली होती. घरच्या दादांनी दुकानातून दोन-तीन औषधांचे मिश्रण आणायचे ठरवले होते, तेही उसने पैसे घेऊन. मी विचारले, “दादा, अळी कोणती आहे?” ते म्हणाले, “अळी ती अळीच, ताई.”

कापसाच्या बोंडावर मुख्यतः तीन प्रकारच्या अळ्या येतात : अमेरिकन बोंडअळी, ठिपक्यांची बोंडअळी आणि गुलाबी बोंडअळी. पहिल्या दोन बऱ्याचदा बाहेर दिसतात. गुलाबी अळी अंड्यातून निघाली की थोड्याच वेळात फुलात किंवा कोवळ्या बोंडात शिरते आणि शिरलेले छिद्र बुजून जाते. मग वरून कितीही फवारा, औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. पैसा जातो, विष मात्र फवारणाऱ्याच्या अंगावर येते. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रभर कापसाचे अतोनात नुकसान केले होते. २००२ साली बीटी कापूस आला तेव्हा बोंडअळीची चिंता मिटली असे वाटले होते. पण गुलाबी अळीने त्यालाही दाद देणे सोडले.

आम्ही शेतात फिरून इकडची-तिकडची वीस हिरवी बोंडे तोडली. दादांच्या आई बांधावर बसून ती फोडू लागल्या. त्या म्हणाल्या, “ही बोंडं बाहेरून चांगली दिसतात, ताई. फोडल्यावर रडू येतं.” वीसपैकी चार बोंडांत अळी निघाली, पांढरट अंगावर गुलाबी पट्टे असलेली. शंभरात दहा बोंडे किडलेली निघाली तर उपाय करण्याची वेळ आली असे कृषी शास्त्रज्ञ सांगतात. इथे प्रमाण त्याच्या दुप्पट होते. आजींनी डोमकळ्याही दाखवल्या, म्हणजे पाकळ्या न उमलता गुलाबाच्या कळीसारखी मिटून राहिलेली फुले. आत अळी असल्याची ती खूण. शाळेची पायरी न चढलेल्या या आजींचे वर्णन कोणत्याही पुस्तकाच्या बरोबरीचे होते. उणे होते ते एवढेच की घरात त्यांना कोणी विचारले नव्हते.

मग कृषी सहायकांना बोलावले. मिश्रणाचा बेत रद्द झाला. त्यांनी सांगितलेले एकच औषध तोंडाला फडके, हातात मोजे घालून फवारले. डोमकळ्या तोडून नष्ट केल्या. शेतात कामगंध सापळे लावले. या सापळ्यातल्या गोळीला मादी पतंगाचा वास असतो आणि नर तिकडे ओढला जातो. लागोपाठ तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले तर सावध व्हावे असा ठोकताळा आहे. लक्षात घ्या, गुलाबी बोंडअळीच्या गोळीकडे अमेरिकन बोंडअळीचा पतंग येत नाही. प्रत्येकाचा वास वेगळा. म्हणजे नेमकी ओळख नसेल तर सापळाही रिकामा राहतो.

खरी कसोटी डिसेंबरमध्ये होती. कापसाची वेचणी संपल्यावर पाणी देऊन पीक पुढे लांबवले की थोडा कापूस आणखी मिळतो. त्याला आपण फरदड म्हणतो. गुलाबी अळी मुख्यतः कापसावरच जगते. फरदड ठेवली की तिला उन्हाळ्यापर्यंत खायला मिळते आणि पुढच्या वर्षी ती पूर्ण शिवारावर चालून येते. फक्त ज्याने फरदड ठेवली त्याच्यावर नव्हे, शेजाऱ्यावरही. म्हणून वेळेवर पऱ्हाट्या उपटणे ही शेजाऱ्यावरची प्रीतीच आहे.

पण फरदड सोडा असे सांगणे फुकट असते, सोडणाऱ्याला ते फुकट नसते. त्या घराने फरदडीच्या कापसावर मुलीच्या बारावीच्या फीचा हिशेब मांडलेला होता. त्या शिवारातली सहा कुटुंबे एकत्र बसली. दोन रात्री बोलणे झाले. चार कुटुंबांनी पऱ्हाट्या उपटल्या, दोघांना ते परवडले नाही. त्या मुलीच्या फीचा अर्धा भाग आपल्या मदतनिधीतून दिला गेला आणि उरलेला तिच्या मामांनी दिला. यंदा त्या शिवारात अळी संपली असे मी सांगू शकत नाही. सापळ्यांत पतंग अजून येतात. पण आता संध्याकाळी ते मोजायला आजी आणि नात दोघी जातात, आणि आकडा वहीत लिहितात.

योनाचा किडा

योनाच्या चौथ्या अध्यायात एक किडा आहे. देव एका रात्रीत झाड उगवतो, योनाला सावली मिळते, दुसऱ्या पहाटे किडा ते झाड कुरतडतो आणि ते वाळून जाते. इब्री शास्त्रात या झाडाला ‘कीकायोन’ म्हटले आहे. ते कोणते, यावर जुना वाद आहे. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला जेरोम यांनी आपल्या लॅटिन भाषांतरात रूढ शब्द बदलला, तेव्हा आफ्रिकेतल्या एका मंडळीत गडबड उडाली आणि ऑगस्टीन यांनी त्यांना पत्र लिहून ते कळवले. एका झाडाच्या नावावरून! बऱ्याच अभ्यासकांच्या मते ते आपल्या बांधावरचे एरंडाचे झाड असावे.

गंमत अशी की २००५ साली इस्राएलच्या किनारपट्टीवरून पतंगाच्या एका नव्या प्रजातीचे वर्णन झाले : ‘ओलेपा श्लाइनी’. त्याची अळी एरंडाची पाने खाते. आणि त्याचे बहुतेक भाऊबंद भारतात व श्रीलंकेत राहतात. योनाचा किडा तोच, असे छातीवर हात ठेवून कोणी म्हणू शकत नाही. पण त्या देशात एरंड खाणारी अळी असते, एवढे खरे.

महत्त्वाचा मुद्दा वेगळा आहे. योनाच्या पुस्तकात देवाने ‘नेमले’ हे एकच इब्री क्रियापद चार वेळा येते : मोठा मासा, झाड, किडा आणि पूर्वेचा वारा. देवाच्या हिशेबात किडाही कामावर आहे. आणि धडा कोणता? योना झाडासाठी हळहळतो. देव त्याला विचारतो की तू झाडासाठी हळहळतोस, मग निनवेतल्या एक लाख वीस हजारांहून अधिक माणसांसाठी, आणि पुष्कळ गुराढोरांसाठी, मी हळहळू नये काय? पुस्तक त्या प्रश्नावरच संपते. योनाचे उत्तर लिहिलेले नाही. ते आपण द्यायचे आहे.

माणसांच्या बाबतीत

आपल्या मराठीत दोन वाक्प्रचार आहेत. नाव देणे आणि नावे ठेवणे. नाव देण्यासाठी जवळ जावे लागते. नावे ठेवणे दुरूनही जमते. ‘हे लोक असेच’, ‘यांना कितीही द्या’, अशी वाक्ये आपल्या सभांमध्येही ऐकू येतात. ज्या तोंडाने आपण देवाला धन्यवाद देतो, त्याच तोंडाने त्याच्या प्रतिरूपाने निर्माण झालेल्या माणसांना शाप देतो, असे याकोब आपल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात म्हणतो ते यासाठीच.

आपण सर्रास ‘आदिवासी बांधव’ म्हणतो. शब्द चांगला आहे, पण ‘अळी ती अळीच’ म्हटल्यासारखा तो अपुरा आहे. गोंडांची गोंडी आणि कोलामांची कोलामी या एका भाषाकुळातल्या असल्या तरी वेगळ्या भाषा आहेत. आंध बांधव मराठी बोलतात. शासनाच्या यादीत महाराष्ट्रातल्या तीन जमाती अतिशय मागास म्हणून वेगळ्या नोंदल्या आहेत : कातकरी, माडिया गोंड आणि आपल्या शेजारचे कोलाम. कोलामाच्या मुलाची शाळेतली अडचण आणि आंधाच्या मुलाची अडचण एक नसते. सगळ्यांसाठी एकच योजना, एकच पत्रक, एकच भाषण म्हणजे सगळ्या अळ्यांसाठी एकच मिश्रण.

मात्र इथे एक सावधगिरी हवी. पतंगाला टाचणी लावून पेटीत ठेवतात, कारण तो स्वतःचे वर्णन करू शकत नाही. माणूस करू शकतो. म्हणून माणसाची ओळख आपण लिहायची नसते, त्याला विचारायची असते. उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो, असे योहानाच्या दहाव्या अध्यायात आहे. मेंढरे त्याची वाणी ओळखतात. ओळख दोन्ही बाजूंनी असते.

आपण या कामाला पाठबळ देता, देणग्या पाठवता, प्रार्थना करता. आपली देणगी ‘लाभार्थी’ नावाच्या रांगेला मिळत नाही. ती एका आजीला मिळते, जिला बोंड हातात घेतल्यावर आतली अळी कळते. ती एका मुलीला मिळते, जी वहीत पतंगांचा आकडा लिहिते. पुढच्या वेळी इस्लापूरला आलात तर त्यांच्याकडून शिकायच्या तयारीने या.

गटचर्चेसाठी प्रश्न

१. उत्पत्ती २:१५ आणि २:१९-२० एकत्र वाचा. राखणे आणि नाव देणे यांचा काय संबंध दिसतो?
२. आपल्या घराजवळच्या किती झाडांची, पक्ष्यांची नावे आपल्या मुलांना ठाऊक आहेत? ती कोणाला विचारता येतील?
३. आपल्या कोणत्या सवयीमुळे शेजाऱ्याच्या शेतात, घरात किंवा मनात ‘अळी’ जाते? ती सोडण्याची किंमत कोणाला मोजावी लागेल, आणि मंडळी तो भार कसा वाटून घेईल?
४. योना ४:११ मधल्या देवाच्या प्रश्नाला आपल्या मंडळीचे उत्तर काय?

प्रार्थना विषय

किनवट तालुक्यातल्या कापूस पिकवणाऱ्या कुटुंबांसाठी आणि फवारणी करणाऱ्या मजुरांच्या जिवाच्या रक्षणासाठी. फरदड सोडलेल्या चार कुटुंबांसाठी, आणि ज्या दोघांना ती सोडता आली नाही त्यांच्यासाठीही. कृषी सहायकांसाठी व शास्त्रज्ञांसाठी, देवाने त्यांना पाहण्याची दृष्टी द्यावी. आणि आपल्या सर्वांसाठी, की आपण नावे ठेवणे सोडून एकमेकांची नावे शिकावी. आमेन.